बसून खायचे पदार्थ

सोमवार, ४ तारीख

नवरा रोज काय खातो ते लिहून आणा, असं दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी सांगितलंय. त्यांचा कागद वेगळा आहे आणि त्यावर लिहिण्यासारखं काही नाहीच. सकाळी अर्धा पाव. दुपारचं मी झाकून ठेवून कामावर गेले होते, ते संध्याकाळी तसंच होतं. रात्री दोन घास, तेही मी ओरडले म्हणून. झालं लिहून. पण हातात पेन होतं आणि डोक्यात राग होता, म्हणून लेकीची जुनी वही काढली. अर्धी कोरी आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली, तेव्हा कुणी वाचलंच तर चुका काढू नयेत. खरं म्हणजे वाचूच नये.

आमचे हे लिफ्टा दुरुस्त करतात. करायचे. मोठा ताप आला, उतरला, आणि जाताना ह्यांचा वास घेऊन गेला. वास गेला की चवही जाते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला कळलं. परत कधी येईल विचारलं तर म्हणाले, येईल, कदाचित नाहीही येणार. असलं उत्तर मी गिऱ्हाइकाला दिलं तर लाँड्रीतून काढून टाकतील.

ह्यांना सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणे.

म्हटलं, "ओला पुठ्ठा कधी खाल्लात तुम्ही?"

"आता रोज खातोय ना," म्हणाले आणि ताट सरकवलं.

सदरा खांद्यावरून खाली ओघळतो. वजन असंच उतरत राहिलं तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल, असं बाई म्हणाल्या. ह्यांच्यासमोरच म्हणाल्या. वाटलं होतं, घाबरून तरी खातील. घाबरले. खाल्लं नाही.

गुरुवार, ७ तारीख

लेकीचा फोन आला. ती नोकरीसाठी लांब असते, पण तिथूनही अक्कल शिकवते.

"आई, बाबांना नेहमीचं देऊच नकोस. ते कसं लागायचं हे त्यांना आठवतं, आणि तसं लागत नाही. म्हणून नको होतं. कधीच खाल्लं नाही असलं काहीतरी दे. वेगवेगळ्या देशांचं."

"मला इथलं करायला वेळ नाही, आणि तू म्हणतेस जगाचं कर!"

"मी व्हिडिओ पाठवते. बघून कर."

"ती माणसं काय बोलतात ते कळायला नको?"

"आवाज बंद कर. हात बघ."

हे मात्र पटलं. मी कपडेही हात बघूनच शिकले, तोंड ऐकून नाही. मग विचारते कशी, "तू अजून ओट्याशी उभी राहूनच जेवतेस ना?"

म्हटलं, दिवसभर वाफेच्या प्रेससमोर उभी असते, तिथं आणखी पाच मिनिटं उभं राहिलं तर काय बिघडतं? ह्यांचं ताट नेऊन ठेवायचं, मग स्वतःचं उरकायचं आणि भांडी. एकदा बसलं की गुडघे उठू देत नाहीत.

ती "हं" म्हणाली. तिचं हं मला आवडत नाही.

रविवार, १० तारीख

स्वित्झर्लंड झालं.

चीज वितळवून भांडं मधे ठेवायचं आणि काट्याला पावाचे तुकडे टोचून बुडवून खायचे. पदार्थ म्हणून एवढंच. व्हिडिओतली बाई आधी भांड्याला आतून लसूण चोळत होती. मीही चोळली. ती बाटलीतलं काहीतरी ओतत होती, त्याच्या जागी मी लिंबू पिळलं. दोन विटा, मधे मेणबत्त्या, वर जाड बुडाचं पातेलं, असा संसार टेबलावर मांडला. हे म्हणाले, "पूजा आहे का कुणाची?"

पण ह्या पदार्थात एक खोट आहे. ढवळणं थांबलं की चीज बुडाला धरतं आणि गार झालं की दगड होतं. एकानं ढवळत राहायचं आणि दुसऱ्यानं बुडवायचं. उठायची सोयच नाही. तेव्हा बसले.

ह्यांचा पहिला तुकडा आत पडला. शोधायला गेले तर काटाही पडला. दुसरा तुकडा खाल्ला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "उग्र आहे जरा."

माझा हात थांबला. उग्र! म्हणजे काहीतरी लागलं ह्यांना! चीज खरंच उग्र होतं, मला ठसका लागायचा बाकी होता. अर्ध्याच्या वर पाव संपला.

लेकीला कळवलं. तिनं किती खाल्लं ते विचारलंच नाही. विचारलं काय, तर, "तू बसली होतीस?"

"बसावंच लागलं. असला कसला पदार्थ पाठवलास?"

"पुढचा आणखी सोपा पाठवते," म्हणाली.

शुक्रवार, १५ तारीख

सोपा म्हणे. व्हिएतनाम. तांदळाचे पातळ कागद येतात, ते पाण्यात बुडवले की मऊ पडतात. मग त्यात भाज्या, पाला, कोळंबी भरून गुंडाळायचं. आधी करून ठेवले तर एकमेकांना चिकटतात, म्हणून जेवता जेवताच करायचे. परत बसणं आलं.

कागद ओला झाला की हुबेहूब नायलॉनच्या ओढणीसारखा दिसतो आणि तितकाच हट्टी असतो. पण मला नायलॉनची सवय आहे. ह्यांनी आयुष्यभर लिफ्टच्या तारा ओढल्या, त्या हातात कागद टिकेना. तीन फाडले.

"सोडा, मी देते करून."

"मला जमेल."

"कागद संपेपर्यंत जमेल."

हसले. ताप आल्यापासून आज पहिल्यांदा हसले असतील. मी लक्ष ठेवलेलं नाही, पण बहुतेक.

सोबतच्या पाण्यासारख्या चटणीत लिंबू जास्त पडलं होतं. मी एक गुंडाळी बुडवून खाल्ली तर एक डोळा आपोआप मिटला. हे लगेच म्हणाले, "आंबट झालंय." बरोबर ओळखलं. चव येतेय हळूहळू. मी आहारवाल्या बाईंच्या कागदावर ठळक लिहिलं, आंबट कळलं.

लाँड्रीत सांगितलं तर माझ्या शेजारी चादरी घडी करणारी म्हणते, "आता पुढच्या आठवड्यात कुठं दौरा?" म्हटलं, तू चादरीचे कोपरे जुळव आधी.

बुधवार, २० तारीख

वजनाचा काटा थोडा वर सरकला. बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, हे काय काय करता तुम्ही! मी म्हटलं, काय करणार, ह्यांना घरचं गोड लागत नाही.

काल इथिओपिया केलं. मोठी मऊ जाळीदार भाकरी आणि तिच्यावरच डाळ नि भाज्यांचे ढीग. पीठ तीन-चार दिवस आंबवायचं असतं. एवढा धीर मला कुठला? सोडा घातला आणि तासाभरात टाकली तव्यावर. जाळी काही पडली नाही, टॉवेलसारखी झाली. तिथल्या लोकांनी बघितलं तर मला मारतील. पण ते बघायला येत नाहीत.

ह्यात वेगळी ताटं नसतातच. त्या भाकरीतूनच दोघांनी तोडून खायचं. आम्ही एका ताटातून आजवर जेवलो नव्हतो. गरज काय पडणार, ताटं भरपूर होती. ह्यांचा हात माझ्या बाजूच्या वाटाण्यांकडे यायला लागला तेव्हा म्हटलं, "तुमच्या बाजूला आहेत की."

"तुझ्या बाजूचे बरे दिसतायत."

अर्धा टॉवेल संपवला. कामावरच्या गोष्टी सांगत बसले. एका लिफ्टमधे म्हणे एक बाई मांजरासकट अडकली होती, आणि बाई शांत होती पण मांजरानं ह्यांचा खांदा फाडला. ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. मी म्हटलं, मला कधी सांगितली नाही. म्हणाले, तू कुठं होतीस?

कुठं असणार! ओट्याशी होते.

रविवार, २४ तारीख

आज खूप राग आलाय. सरळ लिहिते.

पोलंड होतं. मैद्याच्या पाऱ्या लाटून त्यात बटाटा नि चीज भरायचं, कडा दाबून उकळत्या पाण्यात सोडायच्या. हे स्वतःहून टेबलाशी आले आणि कडा दाबायला बसले. चांगल्या दाबल्या, पाणी शिरलं नाही एकीतही. मी म्हटलंसुद्धा, लिफ्टचा माणूस आहे, गच्च दाबणार.

मग बसलो. मी पहिली तोंडात घातली आणि थुंकली. नुसतं मीठ! समुद्र प्यायल्यासारखं. मी मीठ मापात घातलं होतं, मला माहीत आहे. समोर बघते तर हे शांतपणे चौथी खातायत.

"अहो, काय खाताय?"

"का? छान झालंय."

"छान? ह्यात मीठ कुणी घातलं?"

म्हणाले, "मी. तू पाणी ठेवायला वळलीस तेव्हा. व्हिडिओत ती बाई घालत होती, मला वाटलं तू विसरलीस."

म्हणजे दोघांनी घातलं. त्याचं काही नाही. पण चौथी!

"तुम्हाला मीठ कळत नाही?"

मान हलवली.

"काहीच कळत नाही?"

"नाही गं."

"आणि ते चीज उग्र म्हणालात?"

"तुला ठसका लागत होता, म्हणून म्हटलं."

"आणि आंबट?"

"तू डोळा मिटलास."

म्हणजे इतके दिवस माझ्या तोंडाकडे बघून सांगत होते आणि मी वेड्यासारखी कागदावर लिहीत होते! मी जगभरची भांडी घासली, मेणबत्त्या लावल्या, वाटाणे सोलले, आणि ह्यांना सगळा पुठ्ठाच लागत होता. म्हटलं, सांगायचं होतं. म्हणाले, तू खुश होत होतीस.

मी सगळ्या पाऱ्या टाकून दिल्या. मला कुणी मूर्ख बनवलेलं खपत नाही. गिऱ्हाईक खोटं बोललं तर मी तोंडावर सांगते, मग नवरा कोण लागून गेला.

सोमवार, २५ तारीख

आजपासून जगप्रवास बंद. चव नाहीच लागत, तर पुठ्ठा कुठल्या देशाचा का असेना. नेहमीची भाजी, नेहमीचा भात. ताट नेऊन ठेवलं आणि माझं माझं ओट्याशी खाल्लं. वेळ वाचला. गुडघे बरे आहेत. डोकं तेवढं ठणकतंय, ते प्रेसच्या वाफेनं असेल.

गुरुवार, २८ तारीख

खात नाहीत.

हे मला समजत नाही. तेव्हाही चव नव्हती, आताही नाही. मग त्या परक्यांचं गिळलं जात होतं आणि माझं का जात नाही? माझ्याच हातचं होतं ना तेही? आज विचारलं. म्हणाले, "भूक नाही." आतून विचारलं, भाताबरोबर रस्सा वाढू का, तर म्हणाले, "तिथून ओरडू नकोस, ऐकू येतं." टेबलावर हे, इकडे मी, मधे भिंत. दार उघडंच असतं, पण तिथून फक्त ह्यांचा कोपर दिसतो.

लेकीला सांगितलं, तुझे व्हिडिओ बंद. ती रडवेली झाली. म्हणाली, "आई, पदार्थ नको करूस हवं तर. पण..."

"पण काय?"

"तुला सांगून उपयोग नाही."

मग सांगू नकोस म्हटलं आणि ठेवला फोन.

शनिवार, ३० तारीख

काटा सरळ खाली. स्वित्झर्लंडच्या आधी होता त्याच्याही खाली. बाईंनी कागद बघितला, मला बघितलं आणि म्हणाल्या, "मधे चांगलं चाललं होतं. घरात काय बदललं?"

"काही नाही. नेहमीचं सुरू केलं."

"सोमवारी या. तयारीनं या, ठेवून घ्यावं लागेल असं दिसतंय."

तयारीनं म्हणजे पिशवी घेऊन. घरी येऊन पिशवी काढली. ह्यांचे दोन लेंगे इस्त्री केले. लेंग्याला कुणी इस्त्री करत नाही. मी केली. हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "नळीतून खायला कडक लेंगा लागतो का?"

मला हसू आलं नाही. ह्यांनाही आलं नव्हतं.

रविवार, ३१ तारीख

सकाळपासून ठरवलं होतं, आज शेवटचा दिवस, आज सोडायचं नाही. कुठलाही देश नाही. बटाटे उकडले, वर लोणी आणि मिरपूड. ताट ठेवलं आणि समोरची खुर्ची ओढून बसले.

"आता हे संपेपर्यंत मी इथून उठत नाही."

"पहारा आहे का?"

"आहे."

"मग पहारेकऱ्यानं उपाशी राहू नये. आधी तू खा."

मला रागानं भूक लागते. घेतला एक बटाटा आणि टाकला तोंडात. हे बघत होते. टक लावून, लहान पोर दुकानाच्या काचेतून बघतं तसे.

"काय बघताय?"

"कसं झालंय?"

"बरं झालंय."

"बरं म्हणजे कसं?"

"बटाट्यासारखं! आणखी कसं असणार?"

"मला माहीत नाही ना. म्हणून विचारतोय."

माझा घास तिथंच राहिला. हे चिडवत नव्हते. मला बोलता येत नाही असलं. आमच्या कामात चांगलं आणि खराब एवढंच असतं. डाग गेला की नाही, संपलं. पण आता समोर माणूस वाट बघत होता. मी परत एक तुकडा घेतला आणि ह्या वेळी चावून खाल्ला. मी अन्न चावून कधी खाल्लं होतं कोण जाणे.

म्हटलं, "आधी काही नाही. नुसता मऊ. मग लोणी येतं, ते खारट आहे पण टोचत नाही. मिरपूड मागून येते. गळ्यापाशी. गरम कपड्यांचा ढीग अंगाशी धरला की जशी ऊब लागते, तसं आहे एकूण."

"कुठले कपडे?"

"सुती. जाड. नायलॉन नाही."

हे तुकडा तोंडात घेऊन बराच वेळ चावत बसले. म्हणाले, "मागून येते म्हणतेस?"

"थांबा जरा. आता येईल."

थांबले. "आली," म्हणाले.

आली नसणार, मला माहीत आहे. मी ओरडले नाही. दुसरा घेतला, मग तिसरा. प्रत्येक वेळी मला विचारायचे, आणि मला नवीन काहीतरी शोधून सांगावं लागायचं. बटाट्यात एवढं सांगण्यासारखं नसतं, शेवटी शेवटी मी काहीच्या काही सांगितलं. पण ताट संपलं. माझंही.

सोमवार, १ तारीख

पिशवी घेऊन गेलो आणि पिशवी घेऊन परत आलो. काटा आणखी उतरला नव्हता, म्हणून बाईंनी दहा दिवस दिले. कागदावर फक्त लिहिलं होतं, उकडलेले बटाटे, ताट रिकामं. बाई म्हणाल्या, "बटाट्यांनी केलं हे?" म्हटलं, सांगून खायला घातलं की खातात. एवढ्या शिकलेल्या बाईंना हे आधी सुचू नये?

लेकीला कळवलं, पाठव तुझे व्हिडिओ. सगळे. उभ्यानं खायचेही चालतील.

"उभ्यानं खायचे माझ्याकडे नाहीत," म्हणाली. आवाज चोंदल्यासारखा होता. तिकडे थंडी असेल.

बुधवार, १० तारीख

काटा वर. थोडाच, पण नळीचं नाव निघालं नाही. बाई म्हणाल्या, आता महिन्यानं या. जपानचं सूप, मेक्सिकोच्या मक्याच्या पोळ्या, तुर्कस्तानची वांगी, सगळं सांगून झालं. काल वांगं समजावताना चादरवालीचा स्वभाव सांगितला, तर हे म्हणाले, कळली चव.

रविवार, १४ तारीख

परवापासून मला सर्दी झालीय. असली सर्दी की डोकं सिमेंटनं भरल्यासारखं झालंय.

मोरोक्को आधीच ठरलेलं होतं. कोंबडी, लिंबाच्या फोडी, कांदा, हिरवे ऑलिव्ह, आणि झाकण घालून मंद आचेवर. दिसायला देखणं झालं, पिवळं आणि चकचकीत. पातेलंच टेबलावर आणलं, पाव घेतला, बसलो.

हे म्हणाले, "हं, सांग."

मी घास घेतला. चावला. परत एक घेतला.

"कळत नाहीये."

"म्हणजे?"

"माझं नाक बंद आहे. काही लागत नाही. पुठ्ठा."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ओला की कोरडा?"

"ओला."

"मग बरोबर आहे." आणि जे हसायला लागले! मला आधी राग आला. मी म्हटलं, इथं तीन तास कोंबडी शिजतेय, आणि ह्या घरात तिची चव सांगणारं एकही माणूस नाही, यात हसण्यासारखं काय? पण नाक बंद असताना ओरडलं की शब्द भलतेच येतात. कोंबडीचं काहीतरी वेगळंच झालं. मग मलाही हसू आलं.

लेकीचा फोन त्याच वेळी आला. "कसं झालं मोरोक्को?"

ह्यांनी ओरडून सांगितलं, "माहीत नाही! तुझ्या आईलाही चव येत नाही!"

"मग खाताय कशाला?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. हे ऑलिव्हची बी तोंडातून काढत म्हणाले, "नंतर करतो फोन, जेवतोय."

रात्री भांडी घासताना बघितलं, तर पातेलं पुसून घेतल्यासारखं रिकामं. पावाचा शेवटचा तुकडासुद्धा नाही. दोघांना चव नाही, सांगायला कुणी नाही, आणि एवढी कोंबडी गेली. म्हणजे पदार्थातच काहीतरी असणार. त्याशिवाय का कुणी एवढं खाईल? उद्या हाच परत करते. ऑलिव्ह जास्त आणायला हवेत.